दाभोळच्या पलीकडचं दाभोळ: एन्रॉन प्रकरणात कोणाचं काय पणाला लागलं होतं

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, अंजनवेलच्या सड्यावर वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. अलीकडचं दाभोळ दापोली तालुक्यात, पलीकडचा प्रकल्प गुहागर तालुक्यात. फेरीबोटीने धोपाव्याला उतरून पुढे गेलं की वेलदूर, अंजनवेल, रानवी ही गावं लागतात. जमीन त्यांची गेली, समुद्र त्यांचा अडला, नाव मात्र दाभोळचं लागलं. प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं मुख्यालय ह्यूस्टनमध्ये; तिथे नकाशा बघून नाव ठेवलं की असं होत असावं. प्रकरण समजून घ्यायला सुरुवात इथूनच करावी, कारण ज्यांच्या दारात प्रकल्प आला त्यांची दखल न घेण्याची सवय नावापासूनच दिसते.

व्यवस्थापनाच्या वर्गात एन्रॉन हे हिशेबातल्या लबाडीचं उदाहरण म्हणून शिकवतात: ताळेबंदाबाहेर ठेवलेली कर्जं, फुगवलेला नफा, २ डिसेंबर २००१ ची दिवाळखोरी. ते सगळं खरं आहे. पण आपल्याकडचं एन्रॉन त्याच्या आधी दहा वर्षं सुरू झालं आणि त्यात खोटा हिशेब शोधावा लागत नाही. बहुतेक सगळं करारात लिहिलेलं होतं, सह्या होत्या, न्यायालयातही ते टिकलं. म्हणून नीतीच्या अंगाने मला ते ह्यूस्टनपेक्षा अवघड वाटतं.

एक शब्दाची अडचण आधीच सांगतो. इंग्रजीतल्या 'स्टेकहोल्डर'ला पाठ्यपुस्तकं 'हितसंबंधी' म्हणतात. पण मराठीत 'यात त्याचे हितसंबंध आहेत' म्हटलं की ऐकणारा भुवई उंचावतो. आपल्या भाषेने या शब्दाला संशय चिकटवून ठेवला आहे. या प्रकरणात तो संशय बऱ्याच ठिकाणी रास्त ठरतो, आणि नेमकी ज्यांचं सर्वस्व पणाला लागलं होतं ती माणसं या शब्दात बसतच नाहीत. मी 'संबंधित' म्हणेन.

पाच दिवसांचा पाहुणा

१९९१ नंतर केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. राज्य वीज मंडळं तेव्हा खंगलेली होती. गळती, चोरी, शेतीपंपांची सवलतीची वीज, थकलेली बिलं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ त्यातल्या त्यात बरं, तरी परदेशी सावकाराने डोळे मिटून कर्ज द्यावं असं नव्हतं. कंपनीची बाजू मांडताना हे विसरू नये. ज्याच्याकडून पैसे वसूल होतील की नाही याची खात्री नाही, त्याला वीस वर्षांसाठी वीज विकायची तर हमी मागणं यात पाप नाही.

पण घाई विलक्षण होती. एन्रॉनची माणसं जून १९९२ च्या मध्याला मुंबईत आली आणि २० जूनला मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा काढली नाही, दुसऱ्या कोणाचा भाव विचारला नाही. २,०१५ मेगावॉटचा प्रकल्प, देशातली तोवरची सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक, आणि तिचा पाया एका आठवड्याच्या आत घातला गेला. आपल्याकडे मुलगी बघायलाही याहून जास्त दिवस लागतात.

प्रकल्पासाठी काढलेल्या दाभोळ पॉवर कंपनीत सुरुवातीला एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के होते. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकची, बांधकाम बेक्टेलचं. म्हणजे मालकच पुरवठादार आणि मालकच ठेकेदार. प्रकल्पाचा खर्च जितका जास्त, तितकं त्यांचं दुसऱ्या खिशातलं उत्पन्न जास्त. आणि तो खर्च शेवटी वीजदरातून मंडळाने, म्हणजे ग्राहकाने, फेडायचा. असा हितसंघर्ष बेकायदा नसतो, पण तो समोर असताना मंडळाच्या बाजूने कोणीतरी खर्चाचा कागद न् कागद तपासायला हवा होता.

एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही, असं तिने कळवलं. महाराष्ट्राला दिवसभर एकसारखी चालणारी एवढी मोठी भर इतक्यात नको आहे, आणि कोळशापेक्षा आयात केलेला द्रवरूप वायू महाग पडेल, असा तिचा रोख होता. बँक काही कामगार संघटना नव्हती. खासगीकरणाची तीच तर पुरस्कर्ती. तरीही ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. मजकूर जनतेपासून दडवून ठेवला गेला. ज्या कराराचं बिल कोट्यवधी ग्राहक भरणार, तो त्यांना वाचायला मिळत नव्हता.

करारातलं गणित

करार 'वीज घ्या, नाहीतर पैसे भरा' या जातीचा होता. प्रकल्प वीज द्यायला तयार असेल तर मंडळाने ती घेतली किंवा न घेतली, स्थिर आकार द्यायचाच. इंधनाचा खर्च वेगळा. हिशेब डॉलरशी बांधलेला. वर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने हात वर केले तर सप्टेंबर १९९४ ची केंद्राची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनला.

हे कसं चावतं ते सोप्या आकड्यांत बघू. आकडे समजुतीपुरते माझे. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा धरा, महिन्याला स्थिर आकार १०० कोटी रुपये, इंधन युनिटला २ रुपये. ९० टक्के क्षमतेने वीज उचलली तर महिन्याला साधारण ४८ कोटी युनिट होतात. स्थिर आकार युनिटमागे २ रुपये ८ पैसे, एकूण ४ रुपये ८ पैसे. आता मंडळाला तेवढी गरज नाही आणि ते ३० टक्केच उचलतं. युनिट झाले १६ कोटी, स्थिर आकार सव्वासहा रुपये, एकूण सव्वाआठ. महाग म्हणून कमी घ्यावी, तर आणखी महाग होते. आणि ही घ्यायची म्हणून मंडळाने स्वतःच्या कोळशाच्या संचांची दोन-अडीच रुपयांची वीज बंद ठेवायची का?

प्रत्यक्षात २००० साली नेमकं हेच झालं. काही महिने दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या वर गेली. कागदावर मूळ दर २ रुपये ४० पैसे होता, फेरवाटाघाटीनंतर १ रुपया ८६ पैसे सांगितला गेला होता. त्या हिशेबात डॉलर ३२ रुपयांचा होता. २००० मध्ये तो ४५ च्या पुढे गेला. पहिल्या टप्प्याचं इंधन नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणारं इंधन, होतं आणि त्याचा भाव जागतिक तेलाबरोबर चढला. यातली एकही जोखीम कंपनीच्या अंगावर नव्हती. डॉलर चढला, मंडळ भरेल. तेल चढलं, मंडळ भरेल. मागणी घटली, मंडळ भरेल.

वर्गात इथे एखादा हुशार विद्यार्थी हमखास विचारतो, 'सर, सही करणाऱ्याने वाचायला नको होतं का?' रास्त प्रश्न. समोरचा आपल्या हिताविरुद्ध सही करतोय हे दिसत असताना ती करून घेणं, याला बाजारात चांगला सौदा म्हणतात. दोन सावध व्यापाऱ्यांमध्ये ते ठीक. पण सही करणारा दुसऱ्याच्या पैशाने सही करत असेल, आणि तो दुसरा खोलीत नसेल, तर? माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे आहे. आपल्या व्यवहाराची किंमत मोजणारे टेबलावर नाहीत हे कंपनीला माहीत होतं. ते नसण्यावरच सौदा उभा होता.

बुडवला, पण तरंगला

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही गोपीनाथ मुंडे यांची घोषणा गावोगाव गाजली. युती सत्तेवर आली, मुंड्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मनोहर जोशी सरकारने प्रकल्प रद्द केला. सरकार उच्च न्यायालयात गेलं, करारच मुळात गैरमार्गाने झाल्याचा आरोप केला. त्याआधी जानेवारीत एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की प्रकल्पासाठी भारतीयांना 'शिक्षित' करण्यावर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. या एका शब्दाने आपल्याकडे वादळ उठलं. लाच दिल्याचं कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालं नाही, हेही नोंदवायला हवं. पण कोणाला काय शिकवलं याचा तपशील जाहीर करायला कंपनीला कोणी अडवलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. त्याच महिन्यात फेरवाटाघाटींसाठी गट नेमला गेला आणि थोड्याच दिवसांत तोडगा निघाला. तोडग्यात गंमत अशी की प्रकल्प मोठा झाला. २,०१५ मेगावॉटचा २,१८४ झाला, आणि मूळ करारात ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. बुडवायला नेलेली होडी दुप्पट माल भरून परत आली.

केंद्राच्या प्रतिहमीवर पुन्हा शिक्कामोर्तब करण्याचं काम राहिलं होतं. ते वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने २७ मे १९९६ ला केलं. दुसऱ्या दिवशी त्या सरकारने राजीनामा दिला. काँग्रेस, शिवसेना, भाजप, सगळ्यांचे हात यात ओले आहेत, त्यामुळे हे प्रकरण कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून पूर्ण सांगितलं जात नाही. सिटू या कामगार संघटनेची प्रकल्पाविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली. फेटाळताना राजकीय हिशेबांनी जनहितावर मात केल्याची खंत न्यायालयाने व्यक्त केली. खंतेवर अपील होत नाही.

३ जून १९९७, वेलदूर

आता पुन्हा खाडीकडे. वेलदूर मच्छीमारांचं गाव. प्रकल्पातून बाहेर सोडलेल्या गरम पाण्याने मासळी जाईल, खाडी बंद होईल, ही भीती. वरच्या गावांना जमिनीची आणि पिण्याच्या पाण्याची चिंता. १९९६ च्या डिसेंबरपासून मोर्चे वाढले. जमावबंदी लागली, कार्यकर्त्यांना तडीपारीच्या नोटिसा निघाल्या, मेधा पाटकरांना अटक झाली. गावं एकमुखी होती असंही नाही. कंत्राट मिळालेले होते, नोकरीच्या आशेवर असलेले होते. मोठ्या कंपनीला गाव फोडावं लागत नाही. कामं वाटली की ते आपोआप फुटतं.

३ जूनच्या पहाटे पोलीस वेलदुरात शिरले. बहुतेक पुरुष समुद्रावर गेलेले, घरात बाया, पोरं, म्हातारी माणसं. दारं तोडली गेली, बायकांना ओढून बाहेर काढून लाठ्यांनी मारलं. पहाटेच्या वेळी कोळीवाड्यात पुरुष घरी नसतात हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं.

अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी अहवाल काढला. ह्यूमन राइट्स वॉचचा सविस्तर अहवाल जानेवारी १९९९ मध्ये आला, आणि त्यातला मुद्दा नीतीच्या अभ्यासकाने नीट वाचायला हवा. प्रकल्पाच्या जागेवर तैनात असलेल्या राज्याच्या पोलिसांचा खर्च कंपनी राज्य सरकारला देत होती. कंपनीचं म्हणणं: कायदा-सुव्यवस्था राज्याची जबाबदारी, पोलीस आमच्या हुकमात नाहीत. कायद्याच्या भाषेत खरं. पण ज्या पोलिसाचा भत्ता तुमच्या खात्यातून निघतो, त्याने तुमच्या विरोधकाच्या बायकोला मारल्यावर 'आमचा संबंध नाही' म्हणता येतं का? पैसे देणाऱ्याच्या हातात किमान एक गोष्ट असते: तो देणं थांबवू शकतो, अट घालू शकतो, तक्रार करू शकतो. मानवी हक्क संघटनेच्या मते हीच कंपनीची सहभागिता होती, आणि मला तो युक्तिवाद पटतो.

जुलै २००० मध्ये एन्रॉनने कर्मचाऱ्यांना साठहून अधिक पानांची आचारसंहिता वाटली. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता ही चार मूल्यं. मानवी हक्कांवर स्वतंत्र मजकूर. वेलदूरच्या अहवालाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

हमी वटवायची वेळ

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि वर्ष-दीड वर्षात मंडळाचा श्वास कोंडला. बिलं थकली. ६ फेब्रुवारी २००१ ला कंपनीने नोव्हेंबरच्या ७९ कोटींच्या थकबाकीसाठी केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. इकडे मंडळातल्या इंजिनिअरांनी करार उलटा फिरवला. करारात ठरलेल्या तीन तासांत संच पूर्ण क्षमतेला पोचायला हवा होता. २८ जानेवारीला मंडळाने मागणी नोंदवली, संच वेळेत पोचला नाही. मंडळाने ४०१ कोटींचा दंड ठोकला. सात वर्षं ज्या कागदाने मंडळाला बांधलं, त्याच कागदातलं एक कलम शोधून काढणाऱ्या त्या नियंत्रण कक्षातल्या माणसांबद्दल मला आदर आहे. दंड वसूल झाला असता की नाही हा वेगळा भाग.

प्रकरण तपासायला राज्य सरकारने नेमलेली माधव गोडबोले समिती एप्रिल २००१ मध्ये बोलली. समितीत दीपक पारेख होते, ई. ए. एस. सरमा होते, आणि किरीट पारीखही होते, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९९५ च्या फेरवाटाघाटी झाल्या होत्या. राज्य आणि केंद्र, दोन्हीकडच्या निर्णयांवर समितीने बोट ठेवलं आणि हे शासनव्यवस्थेचं पुरतं अपयश ठरवलं. मंडळाने करार सोडला, मे महिन्याच्या अखेरीस प्रकल्प थांबला. दुसरा टप्पा तेव्हा जवळपास उभा होता.

मग वॉशिंग्टन हललं. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी जून २००१ मध्ये सोनिया गांधींकडे हा विषय काढला. भारतात अमेरिकेचे राजदूत राहिलेले फ्रँक विस्नर १९९७ मध्येच एन्रॉनच्या तेल आणि वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले होते. सहा महिन्यांत मूळ कंपनीच बुडाली. बंद पडलेल्या प्रकल्पाची यंत्रं खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. समुद्राकाठी लोखंड न वापरता ठेवलं की काय होतं ते रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

शेवटी कोणाला काय

एन्रॉनचा हिस्सा जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलने २००४ मध्ये कवडीमोलाने घेतला. पुढच्या वर्षी जुलैत भारतीय बाजूशी तडजोड झाली: जनरल इलेक्ट्रिकला १४.५ कोटी डॉलर, बेक्टेलला १६ कोटी. टर्बाइन आणि बांधकामाचे पैसे त्यांना आधी मिळालेले होतेच. कर्ज देणाऱ्या भारतीय वित्तसंस्थांचे, म्हणजे आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांचे, पैसे अडकून पडले. ते सोडवण्यासाठी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढावी लागली. म्हणजे खासगी गुंतवणूक आणायला निघालेला प्रकल्प सार्वजनिक कंपन्यांच्या गळ्यात आला. मंडळाचे त्याच वर्षी तुकडे झाले. मंडळाने पुढे घेतलेला दाभोळचा भांडवली हिस्सा तोपर्यंत धुऊन निघाला होता.

नव्या कंपनीलाही सुख नव्हतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला तसा २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा थंड पडला, मग २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज द्यायला काही संच चालू झाले. द्रवरूप वायूच्या बंदराचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरा राहिल्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाज लागू शकत नव्हतं. जून ते सप्टेंबर अंजनवेलला समुद्र काय करतो हे १९९२ मध्ये वेलदूरच्या कोणत्याही तांडेलाने फुकट सांगितलं असतं.

वर्गात शेवटी मी एक तक्ता काढायला लावतो. संबंधितांची नावं उभ्या रकान्यात: कंपनी, तिचे पुरवठादार-मालक, परदेशी सावकार, भारतीय बँका, राज्य, केंद्र, मंडळ, ग्राहक, जमीन गेलेले शेतकरी, मच्छीमार. आडव्या रकान्यांत तीनच प्रश्न: करार वाचायला मिळाला का, नाही म्हणायचा अधिकार होता का, बुडालं तर भरपाईची तरतूद होती का. पहिल्या तीन नावांसमोर तिन्ही ठिकाणी 'हो' येतं. ग्राहकापासून खाली सगळं 'नाही'. मधल्या चौघांवर मात्र दरवर्षी भांडण होतं, विशेषतः मंडळावर. त्याला नाही म्हणायचा अधिकार होता की नव्हता, यावर तास संपतो तरी मुलं उठत नाहीत.

प्रकल्पाच्या फाटकावर आता दुसऱ्याच कंपनीची पाटी आहे. गुहागरच्या एसटीत बसून तिकीट मागायचं असेल तर अजूनही 'एन्रॉन' म्हटलं की पुरतं.